पूर ओसरला, पण पुलाच्या पायाचं काय?

पावसाळ्यात आपल्या निपाणी-चिक्कोडी भागातली बातमी ठरलेली असते, वेदगंगेवरचा जत्राट-भिवशी, दूधगंगेवरचा कारदगा-भोज, कृष्णेवरचा कल्लोळ-येडूर पूल पाण्याखाली. मग पाणी उतरून रस्ता दिसायला लागला की लगेच गाड्या सुरू. पण पुरानं खरं नुकसान केलेलं असतंय ते खाली पायाजवळ, आणि ते वरनं दिसत नाही.

जोरात आलेलं पाणी खांबाला आपटलं की खाली वळतं आणि खांबाभोवती भोवरे तयार होतात, तेच पायाजवळची माती-वाळू उकरून नेतात. इंजिनिअर लोक याला स्कावर म्हणतात. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ते साधारण 64 पट वजनाचा दगड हलवू शकतं, म्हणून एरवी शांत असलेली नदी पुरात धोंडेसुद्धा ढकलत नेते. त्यात वाहून आलेली झाडं न् जलपर्णी दोन खांबांमधल्या गाळ्यात अडकली की पाण्याची वाट अरुंद होते आणि खालचं उकरणं अजून वाढतं.

सगळ्यात वाईट म्हणजे पूर उतरताना हाच खड्डा गाळानं परत भरतो. दोरीला वजन बांधून खोली मोजली तर तळ जागेवरच आहे असं वाटतं, पण त्या भुसभुशीत गाळाचा खांबाला कसला आधार? म्हणून लोखंडी सळई खुपसून बघावं लागतं, सहज आत गेली की तिथं खड्डा पडून भरलाय असं समजायचं. मला सगळ्यात आवडलेली युक्ती म्हणजे तळात उभा रोवलेला रॉड आणि त्यावर सरकणारी जड रिंग. तळ खचेल तशी रिंग खाली जाते आणि नंतर गाळ साचला तरी वर येत नाही, म्हणजे ऐन पुरात तळ किती खोल गेला होता ते नंतरही कळतं!

5 एप्रिल 1987 ला अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातला स्कोहेरी क्रीकवरचा पूल असाच पायाखालची जमीन वाहून गेल्यानं कोसळला, 10 माणसं गेली. पायाभोवती टाकलेले दगड त्या पुरापुढं कमी पडले होते. दगड टाकणं हा उपाय चांगलाच आहे, पण ते प्रवाहाला न हलणारे, मोठे पाहिजेत आणि दर पावसाळ्यानंतर जागेवर आहेत का बघून कमी झालेले परत भरले पाहिजेत.

पाणी उतरल्यावर तुम्हीही एक करू शकता. पुलाच्या टोकाला उभं राहून कडेची ओळ डोळ्यानं सरळ बघा, कुठल्या खांबावर ती खाली दबलेली किंवा जॉइंटमधली फट रुंदावलेली दिसली तर गाडी घालू नका, आधी पीडब्ल्यूडीला आणि पंचायतीला कळवा.