‘त्या हाताने काही उचलू नकोस’

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं की घरातलं प्रत्येक जण बजावतं: पिशवी उचलू नकोस, कणीकही मळू नकोस. काखेतल्या लसिका ग्रंथी (अंगातला लसिका नावाचा पाणीदार द्रव गाळणाऱ्या) काढल्यावर त्या बाजूच्या हाताला सूज येऊ शकते, हे खरं. पण हात वापरला म्हणून ती येते, हा समज चुकीचा. (डॉक्टरही एकेकाळी हेच सांगत, त्यामुळे घरच्यांना तरी काय बोलायचं!)

व्हँकूव्हरचे क्रीडावैद्यक डॉन मॅकेन्झी यांनी १९९६ मध्ये हे तपासलं. कॅन्सरवर उपचार झालेल्या २४ बायकांची आधी व्यायामाने तयारी करून घेतली, मग त्यांना ड्रॅगन बोटीत बसवलं. लांबट होडी, दोघी-दोघींच्या रांगा, ढोलाच्या ठेक्यावर सगळ्यांची वल्ही एकदम पाण्यात. हंगाम संपला, तरी एकीलाही नव्याने सूज आली नव्हती. बायका मात्र होडी सोडायला तयार नव्हत्या. आज जगभर असे संघ आहेत.

उद्याच हंडा उचला, असं नव्हे. सुरुवात फिजिओथेरपिस्टला विचारून: भिंतीवर बोटं वर चढवणं, त्याच हाताने केस विंचरणं. हलवलाच नाही तर खांदा आखडतो. हात जड वाटला, बांगडी घट्ट होऊ लागली, तर लगेच दाखवावं.