निंबोळी अर्क

कडुनिंबाच्या (ॲझाडिरॅक्टा इंडिका; कुल–मेलिएसी) वाळलेल्या बिया कुटून, थंड पाण्यात रात्रभर भिजवून आणि फडक्यातून गाळून काढलेला दुधाळ, कडू द्राव. साबणाची किंवा रिठ्याची जोड देऊन तो शेतातील पिकांवर, परसबागेत व कुंड्यांतील झाडांवर फवारतात. प्रचलित प्रमाण ५ टक्के, म्हणजे १०० लिटर पाण्यास ५ किग्रॅ. निंबोळी. कीटकनाशकांच्या यादीत याचे नाव येत असले, तरी कीड जागच्या जागी मारणे हे याचे मुख्य काम नव्हे. किडीला पानावरून परतवणे, तिचे खाणे तोडणे व तिची वाढ अडवणे हे ते काम आहे.

शब्द : ‘निंबोळी’ (मराठवाड्यात व अन्यत्रही ‘लिंबोळी’) हे नाव बोलीत पिवळ्या पिकल्या फळाला, त्यातील बीला आणि वाळवून पोत्यात भरलेल्या मालालाही चालते. अर्काच्या बाबतीत ही सैलाई महागात पडते. शेतकऱ्यांसाठीच्या पत्रकांत ‘५ किलो निंबोळ्या’ असे असते, तर संशोधनपर लेखनात प्रमाण बहुधा टरफल काढलेल्या मगजाचे दिलेले असते. टरफल बियाच्या वजनाचा साधारण निम्मा भाग घेत असल्याने एकाच ‘५ टक्के’ अर्काची ताकद एका घरी दुसऱ्या घरच्यापेक्षा निम्मी भरू शकते. प्रमाण सांगताना मगज की अख्खे बी, हे लिहिणे म्हणूनच आवश्यक ठरते. पुढील प्रमाणांत निंबोळी म्हणजे गर काढून वाळवलेले अख्खे बी.

‘अर्क’ या शब्दाविषयीही थोडे मतांतर आहे. संस्कृतात अर्क म्हणजे सूर्य आणि रुईचे झाड. ऊर्ध्वपातनाने काढलेला सारभूत द्रव हा अर्थ मात्र अरबी ‘अरक’ (घाम, पाझर) या शब्दावरून फारसीमार्गे आला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. रावणाच्या नावावर असलेल्या अर्कप्रकाश या ग्रंथाचा दाखला देऊन हा अर्थ प्राचीन ठरवण्याचा प्रयत्न होतो. पण तो ग्रंथ बराच अलीकडचा मानला जात असल्याने त्यावर फार भार टाकता येत नाही. कोणताही अर्थ घेतला, तरी निंबोळी अर्क हा अर्क नव्हेच. तो भट्टीवर चढत नाही. आयुर्वेदातील स्वरस, कल्क, क्वाथ, हिम व फांट या पाच कल्पनांत तो बसवायचा, तर रात्रभर थंड पाण्यात भिजवलेला ‘हिम’ हेच त्याचे खरे नाव. रूढी मात्र आता बदलणार नाही.

झाडाची ओळख : कडुनिंब व बकाण निंब (मेलिया ॲझेडेरॅक) यांची गल्लत जुनी आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५३ मध्ये दोन्ही झाडे मेलिया याच प्रजातीत घातली. कडुनिंब वेगळा काढून त्याला आजचे नाव दिले ते फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ द ज्यूस्यू यांनी १८३० मध्ये. ‘ॲझाडिरॅक्टा’ हे नाव फारसी ‘आझाद-दरख्त’वरून आलेले असले, तरी तेच नाव बकाणाच्या जातिनामातही लपलेले आहे. व्यवहारात ओळख सोपी आहे. कडुनिंबाची पिसासारखी संयुक्त पाने एकदाच विभागलेली, तर बकाणाची दोनदा, फांदीवर फांदी फुटावी तशी. कडुनिंबाचे फळ पिकले की गळते; बकाणाचे पिवळे घोस पाने झडल्यावरही झाडावर लोंबत राहतात आणि त्याची आठळी कंगोरेदार व दगडासारखी टणक असते. बकाणात कडुनिंबातले मुख्य द्रव्य ॲझाडिरॅक्टिन नसते, शिवाय त्याचे फळ माणसांना व जनावरांना विषारी आहे. रस्त्याकडेच्या झाडाखालून निंबोळ्या वेचताना एवढे पाहून घ्यावे. कडुनिंबाचे मूळ स्थान म्यानमारचा कोरडा पट्टा की दख्खन, हा वाद प्रस्तुत विषयाला फारसा लागत नाही.

प्राचीनता : निंबाचा कीटकांविरुद्ध वापर भारतात ‘हजारो वर्षांपासून’ होत आला, हे विधान सर्रास आढळते. ते तपशिलात तपासावे लागते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात जखमी रुग्णाच्या खोलीत मोहरी, अरिष्टाची पाने, तूप व मीठ यांची धुरी दिवसातून दोनदा, दहा रात्री करावी असे सांगितले आहे. येथे अरिष्ट म्हणजे निंब असेच सामान्यतः समजतात. पण त्या धुरीचा हेतू राक्षस, म्हणजे अदृश्य बाधा, दूर ठेवण्याचा आहे; तिथे डास-माश्यांचा उल्लेख वाचणे हे आजच्या नजरेने वाचणे होय. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात बागेत किंवा घराशी आधी लावायच्या मंगल वृक्षांत पहिले नाव अरिष्टाचेच आहे. मात्र अरिष्ट या शब्दाचे कोशांत दोन अर्थ मिळतात : निंब आणि रिठा. संदर्भ मंगल वृक्षांचा असल्याने निंब हा अर्थ अधिक जुळतो, पण रिठ्याची बाजू पूर्णपणे मोडून काढता येत नाही. (आजच्या अर्कात हे दोन्ही अरिष्ट एकाच बादलीत येतात, हा योगायोग गमतीचा आहे.) वैद्यकग्रंथांत निंबाला दिलेले ‘कृमिघ्न’ हे विशेषणही प्रामुख्याने पोटातील जंत व व्रणातील किडे यांना उद्देशून आहे.

धान्याच्या कणगीत व कपड्यांच्या ट्रंकेत वाळला पाला घालणे, गोठ्यात संध्याकाळी ओल्या पाल्याची धुरी करणे आणि जमिनीत निंबोळी पेंड टाकणे, या चाली मात्र निःसंशय जुन्या व देशभर आढळणाऱ्या आहेत. बिया भिजवून पाणी पिकावर शिंपडणे ही गोष्ट वेगळी. आज ज्या रूपात निंबोळी अर्क ओळखला जातो, त्याचा उगम विसाव्या शतकातील प्रयोगांत शोधणे अधिक सयुक्तिक दिसते. परंपरेने दिला तो झाडावरचा विश्वास, कृती नव्हे.

या प्रयोगांचा धागा टोळांपाशी जातो. व्होल्कोन्स्की या संशोधकांनी १९३७ मध्ये बकाणाच्या पाल्याचा अर्क टोळ खात नाहीत असे नोंदवले. कडुनिंबाच्या इतिहासात हा दाखला अनेकदा चुकून दिला जातो. १९५९ मध्ये सुदानात टोळधाडीने सगळी हिरवळ फस्त केल्यावर कडुनिंब तेवढा शाबूत राहिल्याचे जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइनरिख श्मुटेरर यांनी पाहिले. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत (पुसा) एस. प्रधान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये मगजाचे पाण्यातील पातळ मिश्रण उभ्या पिकांवर फवारले, तेव्हा टोळ पिकावर उतरले पण त्यांनी ते खाल्ले नाही. आजच्या घरगुती अर्काचा थेट पूर्वज तोच म्हणावा लागेल. त्या प्रयोगातील मिश्रण ०.१ टक्का होते, आजची शिफारस आकड्याने त्याच्या पन्नासपट आहे. याचे कारण किडीत आहे : वाळवंटी टोळ ॲझाडिरॅक्टिनला विलक्षण संवेदनशील असतो, तर मावा त्या मात्रेला दाद देत नाही.

प्राचीनतेचा प्रश्न पुढे न्यायासनासमोरही गेला. अमेरिकेचे कृषी खाते व डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांना १९९४ मध्ये मिळालेल्या युरोपीय पेटंटविरुद्ध भारतीय पर्यावरणवादी कार्यकर्त्या वंदना शिवा, बेल्जियमच्या राजकारणी मॅग्डा आल्व्हूट आणि सेंद्रिय शेती चळवळींचा आंतरराष्ट्रीय संघ यांनी हरकत घेतली. म्युनिकच्या युरोपीय पेटंट कार्यालयाने ते मे २००० मध्ये रद्द केले व ८ मार्च २००५ रोजी अपीलही फेटाळले. या विजयाचा उल्लेख निंबोळी अर्काच्या संदर्भात नेहमी येतो. पण ते पेटंट बुरशीविरुद्ध वापरायच्या, द्रावकाने काढलेल्या निंबतेलाचे होते. पाण्यातील अर्काशी व कीटकांशी त्याचा संबंध नव्हता.

कृती : महाराष्ट्रात निंबोळ्या ज्येष्ठ-आषाढात, साधारण जून-जुलैमध्ये पिकतात, म्हणजे नेमक्या पेरणीच्या घाईत आणि पावसात. त्यामुळे वेचणीपेक्षा वाळवणीच अधिक बिघडते. गर लगेच चोळून धुऊन काढावा लागतो, बी सावलीत पसरावे लागते आणि गोणपाटात, हवा खेळेल असे ठेवावे लागते. प्लॅस्टिकच्या पिशवीत भरलेले ओलसर बी आठवडाभरात काळे पडून बुरशीते. असे बी अर्काला निकामी समजावे. तीन महिन्यांहून ताजे किंवा आठ महिन्यांहून जुने बी वापरू नये, अशी शिफारस आढळते. त्या हिशेबाने पावसाळ्यात वेचलेला माल रब्बीला उत्तम लागतो, आणि पुढच्या खरिपाला तोच वापरायचा तर तो मुदतीच्या काठावर असतो.

फवारणीच्या आदल्या संध्याकाळी ५ किग्रॅ. निंबोळ्या उखळात किंवा पाट्यावर भरड कुटतात. टरफल कटकन फुटते, तपकिरी सालीचा मगज दबतो आणि लसणासारखा उग्र दर्प सुटतो. हात दोनदा धुतले तरी रात्रीची भाकरी कडू लागते. तेल सुटेपर्यंत वाटू नये, नाहीतर लगदा पाण्यात मोकळा होत नाही. मिक्सरमध्ये नेमके हेच होते. हा भरडा ९ लिटर पाण्यात आणि २०० ग्रॅ. साबणाचा चुरा वेगळ्या १ लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवतात. सकाळी भरडा ढवळून पातळ फडक्यातून पिळून गाळतात. निघणारे पाणी ताकासारखे पांढुरके असावे. पिवळट व पाणचट निघाले, तर बी जुने आहे असे खुशाल समजावे. त्यात साबणाचे पाणी घालून साध्या पाण्याने एकूण १०० लिटर करतात. पाठीवरच्या १६ लिटरच्या पंपाचे सहा पंप होतात. गाळण्यात हयगय झाली, की पहिल्याच ओळीत नोझल तुंबते. घरच्या कुंड्यांसाठी हेच प्रमाण लिटरला ५० ग्रॅ. निंबोळी व २ ग्रॅ. साबण असे येते.

घटक व क्रिया : निंबतेलातील निंबिन इ. कडू द्रव्ये रसायनशास्त्रज्ञ सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी १९४२ मध्ये वेगळी केली. कीटकांवर सर्वांत प्रभावी ठरलेले ॲझाडिरॅक्टिन (C चे ३५, H चे ४४ व O चे १६ अणू) इंग्लंडमध्ये बटरवर्थ व मॉर्गन यांनी १९६८ मध्ये मिळवले. त्याची रेणुरचना १९८५ च्या सुमारास निश्चित झाली, आणि प्रयोगशाळेत ते संपूर्णपणे बनवायला केंब्रिजच्या स्टीव्हन ले यांच्या गटाला २००७ साल उजाडले. सुमारे २२ वर्षे ते काम चालले होते. मगजात याचे प्रमाण बहुधा ०.२ ते ०.६ टक्के असते व झाडागणिक, प्रदेशागणिक बदलते. बाजारी उत्पादने ३००, १,५०० वा १०,००० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग ॲझाडिरॅक्टिन) अशी प्रमाणित मिळतात, घरच्या अर्काला असे माप नाही.

अळीच्या मुखांगांतील चव ओळखणाऱ्या पेशींवर परिणाम होऊन ती खाणे सोडते. थोडे पोटात गेलेच, तर कात टाकण्यास लागणाऱ्या एक्डायसोन या संप्रेरकाची व्यवस्था बिघडते आणि अळी जुन्या कातेत अडकून मरते. याला काही दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी शेतात जाऊन ‘अळ्या तर फिरतायत’ म्हणून अर्क टाकाऊ ठरवणारे असतात, त्यांनी अळ्यांऐवजी पानावरची नवी भोके मोजावीत.

ॲझाडिरॅक्टिन उन्हातील अतिनील किरणांनी लवकर विघटते. पानावरचा परिणाम चार ते सात दिवसांत ओसरतो. म्हणून फवारणी संध्याकाळी आणि अर्क त्याच दिवशी संपवणे इष्ट. ते सौम्य आम्ल पाण्यात टिकते व अल्कधर्मी पाण्यात झपाट्याने बिघडते. प्रचलित कृतीतील उणीव येथेच दिसते : बोअरचे क्षारयुक्त पाणी आणि सोडा असलेली धुण्याची पावडर दोन्ही अर्काच्या मुळावर येतात. रिठ्याचे पाणी किंवा सौम्य साबण वापरणे प्रस्तुत लेखकास अधिक योग्य वाटते.

उपयोग : कपाशीवरील तुडतुडे, पांढरी माशी व हिरव्या बोंडअळीची अंडी घालण्याची अवस्था, तूर-हरभऱ्यावरील घाटेअळी, भाजीपाल्यावरील लहान अळ्या. भारतात २०१८ मध्ये आलेल्या मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीसाठीही सुरुवातीच्या अवस्थेत ५ टक्के अर्काची शिफारस झाली. पोंग्यात शिरलेल्या मोठ्या अळीवर तो चालत नाही. मेणचट आवरणाच्या पिठ्या ढेकणावरही भरवसा कमी.

डासांसाठी हा अर्क अंगाला लावत नाहीत. तिथे तेल वापरतात. खोबरेल तेलात २ टक्के निंबतेल मिसळून लावल्यास ॲनॉफेलीस (हिवताप पसरवणाऱ्या) डासांपासून १२ तास संरक्षण मिळाल्याचे दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रातील प्रयोगांत १९९३ मध्ये आढळले. नंतरच्या चाचण्यांतील आकडे बहुधा याहून कमी आहेत. निंबतेल लहान मुलांच्या पोटात गेल्यास गंभीर विषबाधा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात आहेत. मत्स्यतळ्यात अर्काचे पाणी सोडू नये.

दशपर्णी अर्क ही याच कुळातील, पण वेगळी कृती. तीत कडुनिंबासह निरगुडी, घाणेरी, रुई, करंज, एरंड, सीताफळ इ. पाने शेण व गोमूत्रासह महिनाभर कुजवतात. तिच्यातील कण्हेर व धोत्रा यांमुळे ती ‘निर्धोक’ म्हणता येत नाही.

भारतात २०१५ पासून सर्व युरियाला निंबतेलाचे वेष्टन सक्तीचे झाल्यावर निंबोळीला औद्योगिक गिऱ्हाईक मिळाले; गुजरातेत महिलांच्या बचत गटांमार्फत मोठी वेचणी सुरू झाली. कोकण व गोवा या अतिपावसाच्या पट्ट्यात कडुनिंब विरळ असल्याने अर्काचा प्रसार मुख्यतः देशावर, मराठवाड्यात व विदर्भात आहे. गाळून उरलेला चोथा फेकत नाहीत. तो शेणखताच्या खड्ड्यात किंवा झाडाच्या आळ्यात जातो.