युरेनियम ‘खाणारे’ जीवाणू

‘युरेनियम खाणारे जीवाणू सापडले!’ हा मथळा दर दोन-तीन वर्षांनी फिरून येतो, सोबत हिरवा चमकणारा जंतू. खरी गोष्ट याहून मजेदार आहे. हे जीवाणू युरेनियम खात नाहीत. आपण जसे प्राणवायूवर, तसे ते युरेनियमवर श्वसन करतात!

अमेरिकेत कोलोरॅडो नदीकाठी रायफल नावाचं गाव आहे. तिथल्या जुन्या कारखान्यात १९५८ पर्यंत युरेनियम आणि व्हॅनेडियमचं खनिज दळून त्यातला धातू काढून घेत, चोथ्याचा ढीग तिथेच साचे. अशा जागा साफ करायचा कायदा १९७८ मध्ये झाला आणि १९९६ पर्यंत रायफलचा ढीग हलवला गेला. पण ढिगाखाली जे झिरपलं होतं, ते फावड्याने थोडंच उचलता येतं?

आता थोडं रसायन. भूजलात प्राणवायू असला की युरेनियम +६ अवस्थेत, म्हणजे सहा इलेक्ट्रॉन गमावलेलं असतं. कार्बोनेटशी जोडी जमवून विरघळतं आणि पाण्याबरोबर वाहत जातं. त्याला दोन इलेक्ट्रॉन परत दिले की ते +४ होतं आणि बारीक कणांच्या रूपात वाळूत बसतं. सगळा खेळ या दोन इलेक्ट्रॉनांचा. ते देणार कोण?

जिओबॅक्टर. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डेरेक लव्हली यांना हा जीवाणू पोटोमॅक नदीच्या गाळात सापडला. आपण भाकरीतून इलेक्ट्रॉन काढतो आणि शेवटी प्राणवायूच्या हवाली करतो. गाळात प्राणवायू नाही, म्हणून जिओबॅक्टर ते लोखंडाच्या गंजाला देतो. अडचण अशी, की गंज घन असतो, पेशीच्या आत येत नाही. मग इलेक्ट्रॉनच बाहेर पाठवायचा! त्यासाठी पेशीच्या आवरणांमध्ये सायटोक्रोम नावाच्या प्रथिनांची रांग असते. प्रत्येकात आपल्या हिमोग्लोबिनसारखाच लोहयुक्त हीम. स्लॅब टाकताना मजूर घमेली हातोहात पुढे देतात, तसा इलेक्ट्रॉन एका हीमकडून दुसऱ्याकडे सरकत बाहेर येतो. तिथे गंजाऐवजी युरेनियम भेटलं, तर जिओबॅक्टरला तेही चालतं. लव्हली आणि सहकाऱ्यांनी हे १९९१ मध्ये दाखवलं.

२००२ च्या उन्हाळ्यात रायफलच्या भूजलात अ‍ॅसिटेट सोडलं, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाचा क्षार. जिओबॅक्टरसाठी ही मेजवानीच. त्यांची संख्या वाढली आणि पन्नास दिवसांत काही विहिरींतलं युरेनियम ठरवून दिलेल्या मर्यादेखाली, म्हणजे लिटरमागे सुमारे ०.०४४ मिलिग्रॅमच्या खाली उतरलं.

मग पंगतीत दुसरेच शिरले. सल्फेटवर श्वसन करणारे जीवाणू अ‍ॅसिटेट फस्त करू लागले, जिओबॅक्टर मागे पडले आणि युरेनियम पुन्हा चढू लागलं. मथळ्यांत हा भाग कधीच येत नाही.

आणखी एक. साफ झालं म्हणजे युरेनियम संपलं, असं नाही. अणू तेच आणि किरणोत्सर्ग तेवढाच. युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ, सुमारे ४४७ कोटी वर्षं आहे. त्याला जीवाणू काही करू शकत नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर विकलं जाणारं ‘ऊर्जाभारित’ पाणी तर नाहीच नाही. पाणी उकळूनही उपयोग नाही. वाफ उडून जाते, युरेनियम भांड्यातच उरतं.

बसवलेले कण टिकतात, तेही प्राणवायू लांब आहे तोवरच. रायफलच्या जमिनीत जुनी लाकडं-मुळं गाडली गेलेले काही पट्टे आहेत. तिथे अ‍ॅसिटेट न घालताच युरेनियम असं बसलेलं आहे. वितळलेल्या बर्फाने नदी फुगते, भूजल वर चढतं, सोबत प्राणवायू येतो आणि त्यातलं थोडं पुन्हा विरघळून वाटेला लागतं.