मोठ्या जुन्या डर्ट बाइकची किक

डर्ट बाइकची किक : माती, वाळू, खडक अशा वाटांसाठी बांधलेल्या मोटारसायकलचे इंजिन पायाने किक दाबून सुरू करण्याची रीत. छोट्या गाडीत तिच्याविषयी सांगण्यासारखे फारसे काही नाही. ही नोंद आहे ती १९६० च्या दशकापासून विसावे शतक संपेपर्यंत निघालेल्या, एकाच सिलिंडरच्या, ४०० ते ६०० सीसीच्या दांडग्या गाड्यांविषयी. यामाहा एक्सटी ५००, होंडा एक्सआर ६०० आर, होंडा सीआर ५०० आर, कावासाकी केएक्स ५००, पश्चिम जर्मनीची मायको ४९०, इंग्लंडची बीएसए व्हिक्टर ४४१ ही त्यांतली ठळक नावे. यांतल्या एकीलाही बटनस्टार्ट नव्हता. गाडी चालवता येणे हे एक कौशल्य आणि ती सुरू करता येणे हे दुसरे; दुसरे अंगी नसेल तर पहिले दाखवायची वेळच येत नसे.

अडचण मुळात एका सिलिंडरची आहे. एक्सटी ५०० च्या सिलिंडरचा व्यास ८७ मिमी. आणि पिस्टनची धाव ८४ मिमी.; म्हणजे अर्धा लिटर हवा-पेट्रोल एकट्या पिस्टनने दाबायचे आणि कटिंग चहाच्या ग्लासात मावेल एवढ्या जागेत बसवायचे. तेच ५०० सीसी चार सिलिंडरांत वाटले असते तर विरोध थोडाथोडा, आळीपाळीने आला असता. इथे तो एकदम, भिंतीसारखा समोर येतो. शंभर सीसीची गाडी कित्येक जण हाताने किक दाबून सुरू करतात. या गाडीच्या किकवर चांगला वजनदार माणूस उभा राहिला तरी किक वाटेत अडते, आणि पिस्टनभोवतीच्या रिंगांच्या फटींतून दाब झिरपेल तशी सावकाश खाली सरकते.

म्हणून नुसत्या ताकदीने हे काम होत नाही. पिस्टन या क्षणी कुठे आहे हे कळावे लागते. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या (पिस्टन जो दांडा फिरवतो त्याच्या) दर दोन फेऱ्यांत कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण दाबले जाण्याचा टप्पा, एकदाच येते. त्या वेळी पिस्टन ज्या वरच्या टोकाला पोचतो त्याच्या जरासा पलीकडे तो नेऊन ठेवला आणि तिथून किक मारली, तर पुढचे कॉम्प्रेशन येईपर्यंत क्रँकला जवळजवळ दोन मोकळ्या फेऱ्या मिळतात. तेवढ्यात क्रँकवरचे जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, वेग घेते, आणि पुढची भिंत पायाला नाही तर फ्लायव्हीलला ओलांडायची असते. ठिणगीची वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटोला दमदार ठिणगी पाडायलाही हाच वेग लागतो. बिचकत मारलेली अर्धी किक त्यामुळे फुकट जाते, नाहीतर उलटते.

१९७० च्या दशकाच्या मध्यावर आलेल्या एक्सटी ५०० वर यामाहाने यासाठी दोन सोयी दिल्या होत्या. डाव्या मुठीपाशी डिकॉम्प्रेशनचा छोटा लिव्हर. तो ओढला की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो आणि कोंडलेला दाब सुटतो. आणि सिलिंडर हेडच्या उजव्या अंगाला एक बारकी काचेची खिडकी. पेट्रोल कॉक उघडायचा, गाडी गार असेल तर चोक द्यायचा, लिव्हर ओढून धरायचा आणि किक सावकाश खाली न्यायची. नजर खिडकीवर. आतली चकचकीत खूण काचेत आली की थांबायचे, लिव्हर सोडायचा, किक आपली आपण वर येऊ द्यायची. मग अ‍ॅक्सिलरेटरला अजिबात हात न लावता किकवर अंगाचे सगळे वजन सोडायचे, एकाच दमात, अगदी तळापर्यंत. यात लाथ मारण्याचा भाग नाही. उंच पायरी चढताना माणूस एका पायावर जसा उभा होतो, तसे उभे व्हायचे आणि खाली यायचे. नवखा चुकतो तो पहिल्या किकनंतर. गाडी लागली नाही की तो घाई करतो, खूण न शोधता दुसरी किक मारतो, तिसरीला रेस पिळतो. नको तेवढे पेट्रोल आत जाते, प्लग ओला होतो, आणि मग घाम गळेपर्यंत किका मारल्या तरी इंजिन दाद देत नाही.

याच गाडीवर फ्रान्सच्या सिरिल नेव्हूने पहिली पॅरिस–डाकार शर्यत जिंकली. २६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसहून सुटलेली ती शर्यत जानेवारी १९७९ मध्ये संपली. पुढल्या वर्षीही तोच आणि गाडीही एक्सटी ५०० च. सहाराच्या वाळूत गाडी आडवी झाली की उचलायची आणि थकलेल्या पायाने पुन्हा तीच खूण शोधायची, हा त्या विजयांचा न दिसणारा भाग होता.

टू-स्ट्रोक ५०० ची तऱ्हा निराळी. तिथे दर फेरीला कॉम्प्रेशन येते, मोकळी दुसरी फेरी मिळत नाही. फ्लायव्हील हलके आणि डिकॉम्प्रेशनचा लिव्हर बहुधा नसतोच. सीआर ५०० आर (१९८४–२००१, ४९१ सीसी) आणि केएक्स ५०० (१९८३–२००४, ४९९ सीसी) या जोडीची किक म्हणजे मोटोक्रॉसच्या (मातीच्या मैदानावरच्या शर्यतींच्या) जगात धडकी भरवणारी गोष्ट. किक दाबत दाबत पाय घट्ट अडेल तिथवर पिस्टन आणायचा, किक वर घ्यायची आणि मग मनात शंका न ठेवता आरपार मारायची. सीटची उंची ९० सेंमी. च्या वर, त्यामुळे बुटक्या स्वाराला आधी एखादा दगड किंवा बांध शोधावा लागतो. हुस्क्वार्ना, मायको, बुल्टाको अशा युरोपीय गाड्यांची किक तर डावीकडे. उजव्या पायाची सवय झालेला माणूस गाडीवरून उतरून, बाजूला उभा राहून किक मारतो.

किक उलटणे हा या प्रकरणातला खरा धोका, आणि तो हसण्यावारी नेऊ नये. ठिणगी पडते ती पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याच्या थोडी आधी. इंजिन वेगात फिरत असेल तर मिश्रण पुरते पेटेपर्यंत पिस्टन टोक ओलांडून गेलेला असतो. किक अर्धवट असेल तर पिस्टन टोकाच्या अलीकडेच रेंगाळतो, स्फोटाचा दाब त्याला आल्या वाटेने मागे ढकलतो, आणि किकचे दाते गुंतलेलेच असल्याने तो सगळा झटका दांड्यातून पायात येतो. घोटा मुरगळतो, तळपाय फुटल्यासारखा ठणकतो, गुडघा उलटा ताणला जातो. कधी बूट घसरतो आणि दांडा सरळ नडगीवर बसतो. ठिणगीचा टायमिंग पुढे सरकलेला असेल तर मुरलेल्या स्वारालाही हे चुकत नाही; बीएसए व्हिक्टर ४४१ ने याबाबतीत विशेष नाव कमावले होते. जाड तळाचा, घोट्याच्या वर येणारा बूट ही इथे हौस नव्हे. चपलेवर या गाडीला पाय लावू नये, एवढे या नोंदीतून कोणी घेतले तरी पुरे. पॉइंटवर (ठिणगी पाडणाऱ्या यांत्रिक खटक्यावर) चालणाऱ्या जुन्या टू-स्ट्रोकमध्ये आणखी एक चमत्कार घडतो. किक उलटते आणि इंजिन उलट्या दिशेनेच चालू लागते. पहिला गिअर टाकून क्लच सोडावा तर गाडी मागे जाते.

जुन्या इंग्लिश बांधणीत किकचा जोर गिअरबॉक्सच्या शाफ्टमधून जाई, म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय किक लागत नसे. पुढे प्रायमरी किक (गिअरबॉक्सच्या शाफ्टवर अवलंबून नसलेली) आली आणि क्लच दाबून कुठल्याही गिअरमध्ये इंजिन सुरू करता येऊ लागले. चढावर, चिखलात, मागून गाड्या येत असताना न्यूट्रल शोधणे काय असते हे ज्याने अनुभवले त्यालाच या सुधारणेची किंमत कळेल. अमेरिकेतल्या जीएनसीसी या जंगलवाटांच्या मालिकेत शर्यत सुटते तीच बंद इंजिनाने. किकच्या काळात झेंडा पडला की किक मारायची. स्कॉट समर्सने १९९० च्या दशकात ही मालिका होंडा एक्सआर ६०० आर सारख्या जड फोर-स्ट्रोकवर पाच वेळा जिंकली.

गार गाडीपेक्षा तापलेली गाडी जास्त छळते. पडल्यावर कार्बोरेटरमधले पेट्रोल आत सांडते, वर इंजिनाची धग असते, आणि मिश्रणात पेट्रोल इतके जादा होते की ते पेटत नाही. अशा वेळी पेट्रोल बंद करून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा धरून चार-पाच लांब किका मारतात, म्हणजे कोरडी हवा आत खेळते. मग पुन्हा पहिल्यापासून सगळी रीत. एवढ्यानेही भागले नाही तर प्लग काढून पुसणे आले.

मग लोकांना यात गोडी का वाटते? बॅटरी उतरण्याची भीती नाही, गाडी हलकी राहते, ही कारणे खरी आहेत, पण दुय्यम. बटन दाबणाऱ्याला आपल्या इंजिनाची फक्त चालू आणि बंद अशी दोनच रूपे माहीत असतात. किक मारणाऱ्याला तळपायातून रिंगा कळतात, व्हॉल्व्ह नीट बसतोय का ते कळते, गारठ्यात तेल घट्ट झाले तर कळते. त्या दोन मिनिटांत स्वार दुसरे काही करू शकत नाही, दुसरा विचारही करू शकत नाही. आणि मग किक तळाला टेकते, एक क्षण काहीच होत नाही, पाठोपाठ जड, सुटा सुटा ठोका सुरू होतो. प्रस्तुत लेखकाच्या मते या गाड्यांचा वेग, उड्या, शर्यती हे सगळे त्या पहिल्या ठोक्यानंतरचे आहे.

मराठी वाचकाला यातले बरेच ओळखीचे वाटेल ते बुलेटमुळे. जुन्या बुलेटची शिकवणी हीच होती. किक सावकाश दाबत अ‍ॅमीटरचा (विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या मीटरचा) काटा मधे आणा, डिकॉम्प्रेशनचा लिव्हर दाबून पिस्टन जरा पुढे सरकवा, मग पूर्ण किक. गावोगावी घरातल्या थोरल्याने धाकट्याला हे अंगणात उभे करून शिकवले आहे, आणि उलटलेल्या किकने लंगडणारा पायही घराघराने पाहिला आहे. हे साम्य वरवरचे नाही. बुलेट स्वतःच एके काळी मातीतली गाडी होती. १९५२ ची स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल ही खडतर वाटांवरची सहा दिवसांची स्पर्धा जॉनी ब्रिटन या स्वाराने ३५० सीसी बुलेटवरच जिंकली. म्हैसूरच्या येझदीची गंमत आणखी वेगळी. तिचा गिअरचा दांडा आत दाबून मागे फिरवला की तीच किक, आणि गाडी लागली की पुन्हा पुढे आणून तोच गिअर.

मोटोक्रॉसच्या मैदानातून किक हळूहळू गेली. यामाहाच्या वायझेड ४५० एफ ला २०१८ च्या मॉडेलपासून बटनस्टार्ट मिळाला. एक्सटी ५०० च्या कुळातली, पण रस्त्यावरची एसआर ४०० मात्र जपानमध्ये २०२१ पर्यंत फक्त किकवर विकली जात होती.

जुनी ५०० विकत घ्यायला जाणारा जाणकार पोचल्या पोचल्या आधी सिलिंडरला हात लावून पाहतो. कोमट लागला तर मालकाने गाडी आधीच सुरू करून ठेवली आहे. मग तो चहा मागवतो, तासभर गप्पा मारतो, इंजिन पुरते गार होऊ देतो, आणि मालकालाच म्हणतो, मारा किक.