चेम्सफर्डांच्या घरातला डॉक्टर प्रिटोरियस

शाळेत माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा पाठ केलेल्यांना चेम्सफर्ड हे नाव नवं नाही. १९१६ ते १९२१ या काळात भारताचे व्हाइसरॉय असलेल्या या लॉर्डसाहेबांचं आडनाव थेसिजर. ते इथे राज्य करत होते, तेव्हा त्यांचे सख्खे चुलतभाऊ, नट अर्नेस्ट थेसिजर लंडनमध्ये एका प्रहसनात लोकांना हसवत होते. १९१५ ला आलेल्या त्या प्रहसनाचे १,२०० हून जास्त प्रयोग झाले.

अर्नेस्ट यांचा जन्म १५ जानेवारी १८७९ चा. आजोबा पहिले बॅरन चेम्सफर्ड, दोनदा लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे ब्रिटनचे मुख्य न्यायाधिकारी झालेले. बाळ जेमतेम आठवड्याचं असताना काकांच्या हाताखालच्या ब्रिटिश सैन्याचा झुलू योद्ध्यांनी दक्षिण आफ्रिकेत इसांडल्वाना इथे धुव्वा उडवला. अशा घरातला हा मुलगा लंडनच्या स्लेड कलाशाळेत चित्रकला शिकला आणि १९०९ मध्ये, तिशीत, रंगमंचावर आला. बांधा काटकुळा, नाक टोकदार, बोलण्यात तिरकस खानदानी हेल. नायकाची कामं मिळणार नव्हतीच.

१९१४ ला, पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर, पस्तिशीत ते सैन्यात भरती झाले, तेही अधिकारी म्हणून नव्हे, साधे शिपाई म्हणून. थोड्याच काळात फ्रान्सच्या आघाडीवर हातांना जखमा होऊन परतले. भरतकामाचा नाद होताच. आता तो इतर जखमी सैनिकांच्याही कामी आला. जाळीच्या कापडावरचा टाका भोकं मोजून घालायचा असतो. एक भोक चुकलं की पुढची नक्षी सरकते आणि तिथपर्यंत उसवावं लागतं. अधू बोटांना याहून चांगला व्यायाम कोणता? अपंग सैनिकांकडून असं काम करून घेणाऱ्या संस्थेसाठी ते झटले आणि १९४१ मध्ये त्यांनी भरतकामावर पुस्तकही लिहिलं.

१९२४ मध्ये लंडनला बर्नार्ड शॉच्या 'सेंट जोन' नाटकात अभिनेत्री सिबिल थॉर्नडाइकसमोर ते रडका, भेदरट युवराज झाले. पण जगाला ते ठाऊक आहेत ते दिग्दर्शक जेम्स व्हेलच्या 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन' या भयपटातले (१९३५) डॉक्टर प्रिटोरियस म्हणून. हा डॉक्टर बरण्यांमध्ये वीतभर माणसं पाळतो: राजा, राणी, धर्मगुरू, सैतान, नर्तकी, जलपरी. प्रत्यक्षात हे नट माणूसभर उंचीच्या काचेच्या बरण्यांत, मागे काळा मखमली पडदा लावून वेगळे चित्रित केले आणि मग सेटवरच्या छोट्या बरण्यांच्या चित्रात बसवले. दोन्हीकडे कॅमेऱ्याचा कोन जुळला नाही, तर पावलं बरणीच्या तळाला टेकलेली दिसत नाहीत. ही करामत जॉन फुल्टन यांची. पण जुळवाजुळव कितीही नेमकी असली, तरी दृश्य तरतं ते थेसिजर यांच्यामुळे. राणीकडे पळालेल्या राजाला ते चिमट्यात उचलून परत बरणीत टाकतात, तेव्हा चेहऱ्यावर क्रौर्य नसतं. खोडकर नातवाला आवरणाऱ्या आजोबांचं कौतुक असतं. भीती वाटते ती त्याचीच.

पुढे बहुतेक छोट्याच भूमिका, पण त्यांत सत्ताधीश बरेच. 'द मॅन इन द व्हाइट सूट'मध्ये (१९५१) ते जराजर्जर गिरणीसम्राट सर जॉन कियरलॉ झाले. कधीच न फाटणाऱ्या कापडाचा शोध दडपायला आलेला हा म्हातारा धापा टाकतच धमकावतो. 'द रोब'मध्ये (१९५३) ते सम्राट टायबेरियस होते. १९६० मध्ये सीबीई हा ब्रिटिश किताब मिळाला. त्याच वर्षी जॉन गिलगुड आणि राल्फ रिचर्डसन या नामवंत नटांबरोबर ते शेवटचं नाटक खेळले. १४ जानेवारी १९६१ ला, ब्याऐंशी पुरी व्हायला एक दिवस असताना, ते गेले.