हॉल घुमतो की आवाज गळतो?

वाढत्या शहरात दीड-दोन हजार श्रोत्यांच्या संगीतगृहाचा प्रस्ताव येतो, तेव्हा त्यात एक वाक्य बऱ्याचदा सापडतं: 'सभागृहाला अकूस्टिक पॅनेल लावून ते पूर्णपणे साउंडप्रूफ केलं जाईल.' हे वाचून शेजारचे रहिवासी निर्धास्त होतात, कलाकारांनाही बरं वाटतं आणि चर्चा पार्किंगकडे वळते. मला मात्र या वाक्याची काळजी वाटते. त्यात दोन वेगळी कामं एकाच दोरीत बांधली आहेत आणि पॅनेलनं त्यातलं फक्त एकच होतं.

पहिलं काम अकूस्टिक ट्रीटमेंटचं. आतला आवाज आत कसा ऐकू यावा, याची ती व्यवस्था. दुसरं काम साउंडप्रूफिंगचं, म्हणजे आतला आवाज बाहेर जाऊ नये आणि बाहेरचा आत येऊ नये याचं. साध्या भाषेत, पहिल्याचा संबंध हॉल घुमण्याशी आहे आणि दुसऱ्याचा आवाज गळण्याशी. पहिल्याला मऊ, सच्छिद्र वस्तू लागतात: गाद्या, पडदे, खनिज लोकर. अकूस्टिक पॅनेल याच प्रकारात मोडतात. दुसऱ्याला वजन लागतं, पोकळी लागते आणि एकही फट चालत नाही.

या फरकाची सगळ्यात बोलकी गोष्ट हार्वर्ड विद्यापीठातली आहे. 1895 मध्ये वॉलेस सॅबाइन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाकडे तिथल्या फॉग संग्रहालयाचं व्याख्यानगृह सुधारायचं काम आलं. तिथे एक शब्द उच्चारला की तो पाच सेकंदांहून जास्त वेळ घुमत राही आणि मागून येणाऱ्या शब्दांना गिळून टाकी. सॅबाइननं दुसऱ्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उसन्या आणल्या आणि त्या थोड्या थोड्या वाढवत, ऑर्गनची नळी वाजवून, आवाज विरायला लागणारा वेळ मोजला. गाद्या वाढल्या की घुमणं कमी होई. यातूनच घुमण्याचा काळ काढायचं सूत्र निघालं: हॉलचं घनफळ गुणिले 0.161, भागिले एकूण शोषण, म्हणजे आतल्या वस्तू मिळून किती आवाज गिळतात ते, चौरस मीटरमध्ये. बोस्टनचा सिम्फनी हॉल 1900 मध्ये याच अभ्यासाच्या आधारे उभा राहिला. मला यातला महत्त्वाचा तपशील वेगळाच वाटतो. सॅबाइन ही मोजमापं रात्री करत असे, कारण दिवसा बाहेरचे आवाज आत येत. गाद्यांनी हॉलचं घुमणं आटोक्यात आलं, पण शांततेसाठी शहर झोपायची वाट पाहावीच लागली.

आता आकड्यांनी पाहू. 1500 श्रोत्यांच्या हॉलचं घनफळ 12,000 घनमीटर धरलं, तर घुमण्याचा काळ दोन सेकंदांवरून एका सेकंदावर आणायला शोषण साधारण 970 वरून 1930 चौरस मीटरपर्यंत, म्हणजे दुप्पट न्यावं लागेल. ऐकणाऱ्याला हा फरक जमीन-अस्मानाचा वाटेल. पण शोषण दुप्पट झालं की हॉलभर पसरलेल्या आवाजाची पातळी घटते फक्त तीन डेसिबलनं. आत 100 डेसिबलचा कार्यक्रम चालू असेल आणि शेजारच्या खिडकीपाशी 40 हवे असतील, तर मधे 60 डेसिबल अडवायचे आहेत. त्यात पॅनेलचा वाटा तीनचा!

उरलेलं काम भिंतीचं. एकसंध भिंतीचं वजन दुप्पट केलं की सिद्धांताप्रमाणे सहा डेसिबल जास्त अडतात. म्हणजे 20 डेसिबल वाढवायला दहापट वजन. 20 सेंटिमीटरची भिंत दोन मीटर जाड कोणी बांधत नाही, म्हणून दोन स्वतंत्र भिंती आणि मधे हवेची पोकळी असा मार्ग घेतात. पुढची पायरी म्हणजे खोलीच्या आत खोली: आतलं सभागृह बाहेरच्या इमारतीला कुठेही घट्ट न चिकटता रबर किंवा स्प्रिंगवर टेकलेलं. हॅम्बुर्गच्या एल्बफिलहार्मोनीमधलं मोठं सभागृह 12,500 टनांचं आहे आणि ते 362 स्प्रिंग-संचांवर तोललेलं आहे. बंदरातल्या जहाजांचे आवाज त्यामुळे मैफिलीत शिरत नाहीत.

आणि फटी. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या फक्त एक टक्का जागा उघडी राहिली, तर बाकीची भिंत कितीही भारी असो, एकूण अडवणूक 20 डेसिबलच्या वर जात नाही. शंभर चौरस मीटरच्या भिंतीत तळहाताएवढं, दहा सेंटिमीटर बाजूचं भोक राहिलं तरी मर्यादा 40 वर येते. म्हणून खरी परीक्षा दारांची, केबलच्या छिद्रांची आणि वातानुकूलनाच्या डक्टची असते. दीड हजार माणसांना हवा द्यायची तर डक्ट मोठेच लागणार आणि प्रत्येक डक्ट हा भिंतीतला बोगदा आहे. त्यात सायलेन्सर बसवायला लांबी लागते, ती जागा नकाशात आधीच सोडावी लागते. प्रवेशाला एकापाठोपाठ दोन दारं आणि मधे छोटा कक्ष लागतो, नाहीतर कोणी उशिरा आलं की गाणं रस्त्यावर जातं.

ठेक्याचा, खालच्या पट्टीचा आवाज दोन्ही कामांना सारखाच छळतो. 50 हर्ट्झच्या ध्वनीलहरीची लांबी जवळपास सात मीटर असते. पाच सेंटिमीटरचा फोम तिला जाणवतही नाही. भिंतभर पातळ पॅनेल लावलेल्या हॉलमध्ये मग वरचे सूर मरतात आणि बास तेवढा घुमत राहतो. शेजाऱ्यांपर्यंत पोचतो तोही हाच बास. इथे आकड्यांतही एक मेख आहे. भिंतीची आवाज अडवण्याची क्षमता ज्या एका आकड्यात सांगतात, त्यातला एसटीसी हा 125 हर्ट्झपासून वरच मोजला जातो, आरडब्ल्यू 100 पासून. किक ड्रमचा छातीत जाणवणारा धक्का बहुतांशी त्याच्या खाली असतो. 'भिंत 55 एसटीसीची आहे' हे खरं असूनही वरच्या मजल्यावरच्या बाळाची झोप उडू शकते. विचारायचं ते 63 हर्ट्झला, म्हणजे या बासच्या पट्टीत, किती अडतं, हे.

मध्यम आकाराच्या जागेत हे सगळं जास्त कठीण होतं. वीस हजारांचा अरीना सहसा वस्तीपासून दूर नेता येतो. दीड हजारांची जागा लोकांना चालत, बसनं, मेट्रोनं गाठता यावी अशीच हवी, म्हणजे घरांच्या जवळ. शिवाय तिला सगळंच करायचं असतं. वाद्यवृंदाला दोन सेकंदांच्या आसपास घुमणं हवं, तर स्पीकरवरच्या संगीताला त्याच्या निम्म्याइतकं. यावर उपाय आहे: वर-खाली होणारे जाड पडदे आणि फिरवता येणारी पॅनेल. हे काम पहिल्या प्रकारातलं, तुलनेनं सोपं, आणि चुकलं तर नंतर सुधारता येणारं. लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल 1871 मध्ये उघडला तेव्हापासून त्याच्या घुमटातून येणाऱ्या प्रतिध्वनीबद्दल तक्रार होती. 1969 मध्ये छताखाली फायबरग्लासच्या तबकड्या टांगून तो बराच काबूत आणला. तब्बल 98 वर्षांनी, आणि इमारत न पाडता.

गळणारा हॉल असा दुरुस्त होत नाही. हलक्या पत्र्याचं छप्पर एकदा टाकलं की पुढे त्यावर काँक्रीटचं वजन चढवायला खालचे खांब तयार नसतात. सभागृह पायापासून सुटं करायचं असेल, तर ते पाया घालतानाच करावं लागतं. म्हणून खर्च आवळायची वेळ आली तर पडदे, लाकडी आवरणं, लॉबीचं काम मागे ठेवावं, पण छप्पर, भिंती आणि दारांचं वजन कमी करू देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. प्रत्यक्षात कात्री उलटी चालण्याचा मोह होतो, कारण उद्‌घाटनाच्या दिवशी पॅनेल दिसतात आणि भिंतीचं वजन कोणाला दिसत नाही.

वाढत्या शहरात आणखी एक गोष्ट घडते: आज शेजारी रिकामा भूखंड असतो, पाच वर्षांनी तिथे घरं येतात. मग आवाज अडवायची जबाबदारी कोणाची? ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं 2014 मध्ये आणि इंग्लंडनं 2018 मध्ये नियोजनाच्या नियमांत याचं उत्तर घातलं: जो नंतर येऊन परिस्थिती बदलतो, त्यानं उपाय करायचा. जुन्या संगीतगृहाशेजारी घरं बांधणाऱ्यानं त्या घरांच्या खिडक्या-भिंती तशा घ्यायच्या. घरांशेजारी नवं संगीतगृह आणणाऱ्यानं आपल्या भिंती. या तत्त्वानं पाहिलं, तर प्रस्तावित जागेच्या भोवती आज घरं असतील तेव्हा हा भार पूर्णपणे संगीतगृहावर येतो, आणि तो प्रस्तावात स्वतंत्र परिच्छेद म्हणून, 63 हर्ट्झच्या आकड्यासह आणि हद्दीवर रात्री किती डेसिबल पोचतील या हिशेबासह लिहिलेला असायला हवा. अकूस्टिक पॅनेलचं वाक्य त्याच्या खाली, वेगळं.