पोटदुखी

पोटदुखी हा आजार नाही, लक्षण आहे. बरगड्यांपासून जांघेपर्यंत कुठेही दुखलं तरी आपण पोटच म्हणतो, मग ते जठर असो, पित्ताशय असो, नाहीतर मूतखडा. (दुसऱ्याचं बरं झालेलं बघून होते ती पोटदुखी इथे धरलेली नाही.)

नेहमीची कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत: अपचन, गॅस, बद्धकोष्ठ, बाहेरचं खाऊन लागलेले जुलाब, पाळीत दुखणारं ओटीपोट, पोरांमध्ये जंत. मुरडा येऊन आव पडत असेल तर आमांश. ओव्यात थायमॉल असतं, घरोघरी पहिला मान त्यालाच.

जुन्या वैद्यकातला शब्द शूल. चरकसंहितेत याचा वेगळा अध्याय नाही, सुश्रुताने तो आपल्या संहितेच्या शेवटच्या भागात, उत्तरतंत्रात, गुल्माच्या (पोटातल्या गोळ्याच्या) प्रकरणातच उरकलाय, आणि स्वतंत्र मांडणी मिळते ती माधवनिदान या रोगनिदानाच्या ग्रंथात (बहुधा ७वं-८वं शतक, काळाबद्दल एकमत नाही). त्यात अन्न पचत असताना उठणारा तो परिणामशूल, आणि जेवलं काय, उपाशी राहिलं काय, पथ्य केलं काय, कशानेच नेमका न थांबणारा तो अन्नद्रवशूल. आधुनिक लेखकांपैकी बरेच जण पहिल्याला ड्युओडेनल अल्सर (लहान आतड्याच्या सुरुवातीला पडलेला व्रण) आणि दुसऱ्याला जठराचा अल्सर म्हणतात. पहिली जोडी बरीचशी जमते, कारण हा अल्सर जेवणानंतर दोन-तीन तासांनी दुखायला लागतो, दुसरी मात्र ओढूनताणून वाटते, जठराच्या अल्सरचं दुखणं एवढं बेशिस्त नसतं.

अल्सर तिखटाने आणि टेन्शनने होतो हे डॉक्टरही कित्येक वर्षं मानत होते. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थला रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी जठरातला जिवाणू वेगळा काढला, त्याला आज हेलिकोबॅक्टर पायलोरी म्हणतात. १९८४ मध्ये मार्शलने तो स्वतःच पिऊन बघितला, त्याला अल्सर झाला असं सर्रास लिहिलं जातं पण झाली होती जठराची सूज. २००५ चं नोबेल दोघांना मिळालं. तेव्हा झणझणीत रश्श्याने जळजळ होईल, पण अल्सरचं खापर त्याच्यावर फोडता येत नाही, जिवाणूनंतरचं मोठं कारण म्हणजे सारख्या घेतलेल्या पेनकिलर.

अपेंडिक्स फसवं असतं. त्याच्याकडून येणाऱ्या नसा मणक्यात ज्या पातळीवर शिरतात तिथेच बेंबीजवळच्या कातडीच्या नसाही येतात, म्हणून सुरुवातीला बेंबीभोवती दुखतं आणि काही तासांनी कळ उजवीकडे खाली सरकते. (ती नेमकी जागा मॅकबर्नी या अमेरिकन सर्जनने १८८९ मध्ये दाखवली.) मग पोरगं वाकून चालतं, खोकलं तरी कळवळतं. आपल्याकडे बेंबीभोवती दुखलं की ‘बेंबी सरकली’ म्हणून पोट चोळतात, कुणी बेंबीवर दिवा ठेवून वर तांब्या पालथा घालतं. आधुनिक वैद्यकात बेंबी सरकणे असा आजारच नाही, आणि सुजलेल्या अपेंडिक्सवर चोळणं किंवा जुलाबाचं औषध देणं धोक्याचं, ते फुटू शकतं.

मूतखड्याची कळ कमरेतून जांघेत उतरते, माणूस एका जागी पडूच शकत नाही. पित्ताच्या खड्याची उजव्या बरगडीखाली, कधी खांद्यापर्यंत.

काही पोटदुखी पोटातली नसतेच. छातीखालच्या खळग्यात दुखतंय, घाम फुटलाय, मळमळतंय आणि घरचे ‘अ‍ॅसिडिटी आहे’ म्हणून सोडा पाजतायत, असा हार्ट अटॅक असू शकतो, विशेषतः डायबेटिसवाल्यांत, म्हणून तिथे सोड्याआधी ईसीजी.